आतला हिरवा

मास्तरांनी फ्रॉक उलटा करून टेबलावर पसरला. बाजूच्या शिवणीवरून बोट फिरवत ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ताई, ज्यांनी शिवलाय त्यांनी माया भरपूर ठेवलीय. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच. हल्ली एवढी कोणी ठेवत नाही."

फ्रॉक माझ्या मोठ्या मावशीचा. बॉटल ग्रीन टॅफेटाचा, बोट नेक, कमरेत घट्ट आणि खाली पोटरीपर्यंत घेर. तो १९६४ च्या नाताळासाठी खोताच्या वाडीतल्या एका ईस्ट इंडियन आँटींनी शिवला होता. मावशी तेव्हा बावीस वर्षांची. कंबर पंचवीस इंच. माझी तीस. मी तो मास्तरांकडे नेला तेव्हा फार तर एखादी ओढणी किंवा उशीचे अभ्रे निघतील, एवढीच माझी आशा होती. मास्तरांनी खडूने दोन आकडे लिहिले आणि हिशेब मांडला. शिवणीत अर्धा इंच राखून बाकीची माया सोडली तर दोन्ही बाजू मिळून चार इंच. पुढचे-मागचे चार टक्स निम्मे केले तर आणखी दोन. "एकतीस होईल. श्वास घ्यायला एक इंच उरेल."

आमचं आजोळ गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत सात माणसं. पाच मिनिटांवर खोताची वाडी: लाकडी कठड्यांची दुमजली घरं, बाहेरून चढणारे जिने, अंगणात क्रूस. तिथले ईस्ट इंडियन लोक मुळात मराठी बोलणारे. त्या आँटींच्या सासूबाई शेवटपर्यंत लुगडं नेसत आणि सुना-मुली फ्रॉक घालत. आँटी शिवणकाम करायच्या. परदेशी मासिकांतून आलेले कागदी नमुने त्यांनी ट्रंकेत जपून ठेवले होते. मावशी त्यांच्या मुलीची मैत्रीण. चाळीत फ्रॉक घालून उतरण्याची सोय नव्हती. नाताळच्या नाचाला मावशी साडी नेसूनच घरातून निघाली, आँटींकडे कपडे बदलले, आणि रात्री परत साडी नेसून घरी आली. गोव्याचे वादक बँड वाजवत होते, एवढं ती सांगते. नाचलीस का, असं विचारलं की हसते.

तो फ्रॉक अंगावर चढला तो तेवढ्या एका रात्रीपुरता. पण माझ्या मनात मावशीची जी मूर्ती आहे ती त्या रात्रीची नाही, रोजची आहे.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. बाहेरगावी बोलायचं तर कॉल नोंदवून वाट बघायची, असे ते दिवस. मावशी आणि तिच्या मैत्रिणी बोर्डासमोर ओळीने बसायच्या, कानाला हेडफोन, समोर दिवे आणि दोऱ्या. बोलणाऱ्याला त्यांचा फक्त आवाज ऐकू जायचा. मावशी मात्र रात्रपाळीलाही लायनर, लिपस्टिक, पावडर असं सगळं नीट करून जायची. आजी म्हणायची, फोनवरून कोण बघणार आहे तुला? मावशी उत्तर द्यायची नाही, आरसा खिडकीजवळ न्यायची.

हेडफोनची पट्टी डोक्यावरून जाते, तिने केसांचा फुगा चेपतो. म्हणून ती फुगा पट्टीच्या मागे घ्यायची आणि पुढचे केस सपाट ठेवायची. पुढे 'लव्ह इन शिमला' (१९६०) मधली साधनाची झुलपं सगळ्या मुंबईभर झाली. साधनाचं कपाळ मोठं, ते झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या केसांवरून ती कल्पना उचलली होती. मावशीच्या दृष्टीने त्या कटाचा गुण वेगळाच होता. हेडफोनच्या पट्टीखाली झुलपं न चेपता राहतात! तिने आँटींकडे बसून केस कापून घेतले आणि घरी आठवडाभर कोणी तिच्याशी धड बोललं नाही.

मेकअप तिला शिकवला तो चाळीतल्याच एका रंगभूषाकाराने. ते हौशी नाटकांना आणि कधीमधी साहित्य संघातल्या प्रयोगांना रंगवायला जात. पॅनकेक हा शब्द नाटकवाल्यांच्या तोंडी इतका रुळलेला आहे की तो आपलाच वाटतो. मूळ हॉलिवूडचं. मूकपटांच्या काळातल्या फिल्मला तांबडा रंग कळत नसे, लाल ओठ पडद्यावर काळे दिसत. पुढे सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिच्यासाठी मॅक्स फॅक्टरने मेकअप नव्याने बांधला, आणि त्याच वाटेने १९३८ मध्ये पॅनकेकची डबी सर्वसामान्य बायकांच्या हाती आली. ओला स्पंज, तो घट्ट पिळायचा, टेकवून टेकवून लावायचा, घासायचा नाही, ही गिरगावातल्या त्या काकांची शिकवण मावशीने मला जशीच्या तशी दिली.

तिची पहिली लिपस्टिक लॅक्मेची. टाटांनी १९५२ मध्ये ही कंपनी काढली. लॅक्मे हे लक्ष्मी नावाचं फ्रेंच रूप, देलिबच्या १८८३ च्या ऑपेरातून आलेलं. ऑपेरा वगैरे मावशीला माहीत नव्हतं. लक्ष्मीच्या नावाची आहे एवढं सांगून तिने आजीला थोडं शांत केलं होतं.

आणि तिचं दैवत भानू अथैया. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली मुलगी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेली, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढता काढता कपडे करू लागली आणि 'सी. आय. डी.' (१९५६) पासून पुढे हिंदी सिनेमाला तिने नेसवलं-सजवलं. 'वक्त' (१९६५) मधला साधनाचा बिनबाह्यांचा अंगासरसा कुडता आणि चुडीदार तिचाच. 'गांधी'साठी १९८३ मध्ये तिला ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं ते पहिलं. त्या दिवशी मावशीने ऑफिसात पेढे वाटले. ओळख ना देख. कोल्हापूरची मुलगी, एवढंच नातं.

मी स्वतः रोज नटायला लागले ते पस्तिशी उलटल्यावर. विम्याचे दावे तपासण्याचं काम आहे माझं. डोंबिवलीहून निघायचं, दिवसभर फायली आणि हॉस्पिटलची बिलं. सण, लग्न, हळदीकुंकू सोडलं तर चेहऱ्याला पावडरही लागत नसे. एकदा मावशीकडे राहायला गेले होते. सकाळी सहाला ती आरशापुढे बसलेली दिसली. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली, कुठे जायचं नाही. लायनर लावत होती. मी म्हटलं, मला शिकव.

तिने आधी माझा हात खाली केला. सगळ्या बायका डोळ्याचा कोपरा बोटाने ताणून रेघ ओढतात. कातडी सोडली की रेघ वाकडी. "डोळे उघडे ठेव. आरशात समोर बघ. हात लावू नकोस." खालच्या पापणीची कड वर भुवईच्या टोकाकडे चढत गेली असती तर जिथे पोचली असती, तिथे आधी फक्त एक ठिपका. दोन्हीकडे ठिपके. मग थोडं मागे सरून दोन्ही समान आहेत का ते पाहायचं. ठिपक्यापासून डोळ्याकडे यायचं, डोळ्यापासून ठिपक्याकडे नाही. त्याला ती शेपूट म्हणते. शेपटाचं टोक तिळाएवढं असलं पाहिजे, त्याहून जाड नाही. खालच्या पापणीला काहीही लावायचं नाही, तिथे काजळ घातलं की मुंबईच्या घामाने दुपारी बारापर्यंत डोळ्याखाली उतरतं. मला दोन्ही शेपटं समान जमायला पावणेदोन महिने लागले.

लिपस्टिकचंही तसंच. एक हात लावायचा, टिश्यू ओठांत दाबायचा, टिश्यूवरून हलकी पावडर फिरवायची, मग दुसरा हात. चहाने ती जात नाही. तेलाने जाते, वड्यापुढे काही टिकत नाही. आणि लालमध्ये लाल असतात. निळसर झाक असलेला लाल दात पांढरे दाखवतो, केशरी झाकेचा लाल गव्हाळ रंगाला ऊब देतो. मी केशरी झाकेचा वापरते. मावशीची जुनी पितळी कॉम्पॅक्टची डबी मला मिळाली, ती देतानाच तिने बजावलं, "डबी ठेव, आतलं फेकून दे." जुनं दिसावं म्हणून जुनंच तोंडाला फासणं धोक्याचं आहे, हे मीही प्रत्येकीला सांगते. उघडलेला मस्कारा सहा महिन्यांच्या वर ठेवू नये. जुन्या सुरम्यात तर शिसं असू शकतं.

ऑफिसात पहिले काही दिवस कौतुक झालं. मग रोज विचारणा सुरू झाली, आज काय विशेष? विशेष काही नाही, बुधवार आहे, असं मी सांगायचे. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात वरिष्ठांनी कामाबद्दल काही न बोलता सांगितलं, "जरा साधं येत जा, गंभीर वाटत नाही." माझ्या टेबलावर एकही दावा अडकलेला नव्हता. ते शब्द मला फार लागले. दोन महिने मी तोंड धुऊन, केस बांधून गेले.

मावशीला हे फार उशिरा सांगितलं. ती चिडली नाही. तिने विचारलं, "तुझ्या फायलीला उशीर झाला?" नाही. "चूक निघाली?" नाही. "मग त्यांना हेच विचार. लेखी विचार." मी विचारलं. लेखी उत्तर आलं नाही, आणि पुढच्या सोमवारी मी शेपूट रेखून गेले.

फ्रॉक त्यानंतर निघाला. मावशीने पत्र्याची ट्रंक उघडली, वरच्या शालू-पैठण्या बाजूला केल्या आणि तळातून मलमलच्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं ते बोचकं माझ्या मांडीवर ठेवलं. टॅफेटाला स्वतःचा आवाज असतो. उलगडताना सुक्या पानांवर पाय पडल्यासारखी सळसळ झाली आणि मावशी त्या आवाजाला दचकली. पाठीची धातूची चेन गंजली होती, तिच्या कडेने कापडावर तपकिरी डाग. मास्तरांनी चेन बदलली, डाग चेनच्या पट्टीत घेतला. उसवण्याआधी त्यांनी शिवणीजवळ कापड दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, जुनं रेशमी कापड तिथेच आधी विरतं. हे विरलं नव्हतं. "पण सुईची भोकं राहतील," ते म्हणाले, "टॅफेटा विसरत नाही."

आठवड्याने घ्यायला गेले तेव्हा मास्तरांनी फ्रॉक हँगरला लावला होता आणि ते थोडे अवघडले होते. साठ वर्षांत वरचा हिरवा कळत नकळत विटला होता. माया सोडल्यावर आतलं कापड बाहेर आलं, ते उजेड न पाहिलेलं. दोन्ही कुशींना काखेपासून कमरेपर्यंत इंचभर रुंदीचे दोन पट्टे, ओल्या शेवाळासारखे गर्द. त्यांच्या कडेने सुईच्या भोकांची बारीक ओळ, आँटींच्या हाताची. "वरून लेस लावून झाकतो," मास्तर म्हणाले. मी नको म्हटलं. १९६४ चा खरा हिरवा तोच होता.

तो फ्रॉक मी जपून घालते, फार तर वर्षातून तीन-चारदा. पण त्याच्यावरून मास्तरांनी कागदी नमुना काढून घेतला आणि रोजच्या वापराचे तीन शिवले. असा घेर क्रिस्तियाँ दिओरने फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला दाखवला, तेव्हा युद्धकाळात मोजूनमापून कापड वापरलेल्या बायकांना तो उधळपट्टी वाटला होता आणि हवाहवासाही. माझा एक सुती पॉपलिनचा आहे, एक निळ्या मंगळगिरीचा, आणि सगळ्यात लाडका खणाचा. खणाचा पन्हा लहान, सरळ घेर निघत नाही, म्हणून मास्तरांनी आठ कळ्या जोडल्या आणि काठ खाली फिरवत नेला. गळ्याची पट्टी उरेब कापली, त्यामुळे ती मानेला धरून बसते. खिसे मी हट्टाने लावून घेतले, पास आणि फोन मावतील एवढे. लोकलमध्ये चढताना घेर एका हाताने गोळा करायचा, बसताना मांडीखाली घ्यायचा. आतलं कॅनकॅन मात्र घरीच. गर्दीत दुसरीला टोचतं, आणि तेवढ्या जागेत आणखी एक बाई उभी राहू शकते.

पहिल्यांदा खणाचा घालून निघाले तेव्हा आमच्या डब्यातल्या मासळीवाल्या मावशींनी काठ हातात घेऊन पाहिला, शिलाई किती पडली विचारलं, आणि त्यांच्या नातीसाठी मास्तरांचा पत्ता लिहून घेतला.

मावशी आता फार बाहेर पडत नाही. रोज सकाळी मी गाडीतून तिला व्हिडिओ कॉल करते. फोन उचलला की अजूनही तिचा तो ड्यूटीचा आवाज लागतो, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. आज हिरवा घातलाय, मी सांगितलं. नाताळ वगैरे नाही, गुरुवार आहे. फोन लांब धरून कुशीचा गर्द पट्टा दाखवला. ती तो बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "चेहरा जवळ आण." आणला.

"डावं शेपूट तीळभर वर गेलंय. उतरलीस की नीट कर."