चंद्रपूरचा डायनासोर आणि बीडचा ऊस

डायनासोर म्हटले की मुलांना सिनेमातला, दात विचकून धावणारा प्राणी आठवतो. आपल्या महाराष्ट्रातही डायनासोर होते आणि त्यातला एक निव्वळ झाडपाला खाणारा होता, हे सांगितले की वर्गात आधी हशा पिकतो.

त्याचे नाव इसिसॉरस. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे 1984 ते 1986 या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी त्याचा सांगाडा खणून काढला. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच त्याला हे नाव मिळाले. डोके सापडले नाही, पण पुढच्या पायाचे वरचे हाड 148 सेंटिमीटर भरले, म्हणजे सातवीतल्या मुलाएवढे! असे प्राणी पाला चावत बसत नसत. ओरबाडून गिळत, मग भल्यामोठ्या पोटात तो सावकाश आंबून पचे.

ते काय खात, हे कसे कळले? शेणावरून. त्याच जिल्ह्यातील पिसदुरा येथे दगड झालेले शेण मिळते. त्यात झाडपाल्याबरोबर गवताचेही सूक्ष्म कण असल्याचे 2005 मध्ये जाहीर झाले. गवताच्या पानात सिलिका असते. पान कुजले तरी तिचे कण उरतात. डायनासोरांच्या काळी गवत होते, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

ऊसतोडीहून परतलेली आमची मुले एरवी मागच्या बाकावर गप्प बसतात. अर्धे वर्ष बुडालेले असते. पण ऊसही गवताच्याच कुळातला, आणि त्याची पात हाताला कापते ती याच सिलिकामुळे, असे म्हणताच हात वर होतात. बैलांना वाढे घातले की शेण कसे पडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

एका पालकांनी काळजीने विचारले, “सर, या कोट्यवधी वर्षांच्या गोष्टींनी पोरांचा ईमान तर डळमळणार नाही ना?” आम्ही म्हटले, “भाई, कुरआन तर सृष्टीकडे डोळे उघडून पाहायला, विचार करायला सांगते. अल्लाहची निर्मिती जितकी पाहू, तितकी त्याची कुदरत कळेल.” ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “मग मलाही सांगा, शेणाचा दगड कसा होतो?”

माता-पित्यांना विनंती एवढीच, की मुलाने असे काही विचारले तर त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल, तर त्याच्यासोबत शाळेत या.