गुलमर्गची पांढरी घसरगुंडी

बर्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? काडीवरचा लालभडक गोळा? उसाच्या रसात खुळखुळणारा खडा? की फ्रीजमधला चौकोनी तुकडा? बालमित्रांनो, आज आपण ज्या बर्फाकडे जाणार आहोत, तो असा दगडासारखा नाही बरं का! तो आभाळातून पडतो, तोही आवाज न करता. ताजा असेल तर किसलेल्या खोबऱ्यासारखा भुरभुरीत. काश्मिरी भाषेत त्याला ‘शीन’ म्हणतात. हिवाळ्यातला पहिला शीन पडला की लोक एकमेकांना मुबारक देतात आणि त्या निमित्तानं मेजवानीही उकळतात!

काश्मीरच्या थंडीला तर चक्क नावं आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे थोरली थंडी. मग वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकटी. आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’, म्हणजे थंडीचं शेंडेफळ! या दिवसांत तिथल्या शाळांना आपल्या मे महिन्यासारखी लांबलचक सुटी असते. ती मुलं काय करत असतील? त्यांच्यातली कितीतरी पायांना फळ्या बांधून डोंगरउतारावरून घसरायला शिकतात. या खेळाचं नाव स्कीइंग. ‘स्की’ हा शब्द नॉर्वेकडचा. त्याचा मूळ अर्थ अगदी साधा आहे: चिरलेल्या लाकडाचा तुकडा.

आता समजा, तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं एक धाकटं भावंड आहे. आपण तिला छोटी म्हणू. छोटीनं आयुष्यात बर्फाचा डोंगर पाहिलेला नाही. तिला पहिल्यांदा स्कीइंगला न्यायचं आहे. चला तर मग, छोटीचं बोट धरा!

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत गाडी सुरू झाली. नदीपासून ३५९ मीटर उंच असलेल्या चिनाब पुलावरून ती जाते, तेव्हा छोटीला खिडकीजवळ बसवा. श्रीनगरहून मोटारीनं टंगमर्गला आलं की खरी गंमत सुरू होते. इथे गमबूट आणि जाड कोट भाड्यानं मिळतात. पुढचा १३ किलोमीटरचा घाट बर्फानं भरलेला असेल, तर गाडीच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. देवदारांच्या फांद्या बर्फाच्या ओझ्यानं वाकलेल्या असतात. आणि घाट संपला की एकदम समोर येतं ते भलंमोठं पांढरंशुभ्र मैदान. हेच गुलमर्ग, फुलांचं कुरण! पूर्वी याचं नाव गौरीमर्ग होतं. सोळाव्या शतकात युसूफ शाह चक या राजानं ते बदललं, असं सांगतात. उन्हाळ्यात इथे गोल्फ खेळतात. आणि बर्फावर घसरण्याचा खेळही इथे जुनाच आहे. १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब काढला होता.

गुलमर्गची उंची आहे सुमारे २६५० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर चढून गेल्यासारखंच की! इथली हवा विरळ असते. चार पावलं धावलं तरी धाप लागते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त भटकायचं, पाणी भरपूर प्यायचं आणि लवकर झोपायचं. घसरगुंडी कुठे पळून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीला सजवायचं. इथे आपण मुंबई-पुण्याची माणसं हमखास चुकतो. आपल्याला वाटतं, जितके कपडे जास्त तितकी ऊब जास्त. तसं नसतं. सुती बनियन घामानं भिजला की ओलाच राहतो आणि अंग गारठवतो. लोकर मात्र ओली झाली तरी ऊब देते. धनगराची घोंगडी पावसात का चालते, ते आता कळलं ना? तेव्हा आत लोकरी कपडे आणि बाहेर पाणी आत न शिरू देणारा कोट. मोजे एकच जोडी, लांब. दोन जोड्या घातल्या तर बुटात सुरकुत्या पडतात आणि पाय सोलतो. हातमोजे मात्र दोन जोड्या घ्या. पहिली जोडी बर्फात खेळून भिजणारच. डोळ्यांवर गडद चष्मा हवाच हवा. ताज्या बर्फावरून उन्हातले अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत उसळतात. म्हणजे ऊन वरून आणि खालूनही! आणि डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट. त्यावर वाद नाही.

मग येतात बूट. कडक प्लॅस्टिकचे, घोट्याला गच्च आवळणारे. ते घालून चालताना छोटी रोबोसारखी दिसेल. हसू नका हं, तुमचीही पाळी आहे! हे बूट फळीवर खटकन बसतात. त्यांना धरणाऱ्या खटक्यात एक युक्ती असते. जोरात पडलं तर तो आपोआप सुटतो, म्हणजे पाय मुरगळत नाही. पण तो किती जोरानं सुटावा, हे वजनावर ठरतं. म्हणून सामान भाड्यानं घेताना छोटीचं वजन खरंखरं सांगा आणि खटका तिच्यासाठी बसवून घ्या. फळ्यांची उंची तिच्या छातीपासून हनुवटीपर्यंत असली की पुरे. हातातल्या काठ्या इतक्यात नकोत.

आता बघा बर्फाची जादू. नुसत्या बुटानं ज्या बर्फात पाय गुडघ्याइतका रुततो, त्याच बर्फावर फळ्या घालून उभं राहिलं की माणूस वरच राहतो! कारण वजन लांब फळीवर पसरतं. आणि फळी घसरते कशी? ती बर्फावर घासली की तिच्याखाली पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो. त्या थरावरून ती सुळकन निघते.

पण थांबा! छोटीला अजून घसरायचं नाहीये. पहिला धडा घसरण्याचा नसतोच मुळी. पहिला धडा असतो पडण्याचा!

हो, पडण्याचा! तोल जातोय असं वाटलं की बाजूला, कुल्ल्यावर बसायचं. मागे हात टेकायचे नाहीत, मनगट दुखावतं. मग उठायचं कसं? दोन्ही फळ्या उताराला आडव्या करायच्या आणि आपल्यापेक्षा खालच्या बाजूला ठेवायच्या. नंतर हातानं रेटा देऊन उभं राहायचं. फळ्यांची टोकं उताराकडे असताना उठायला गेलात, तर उठता उठताच गाडी सुटेल! हे दहा वेळा करायचं. दुसरा धडा चढण्याचा. छोट्या टेकाडावर फळ्या आडव्या ठेवून, एकेक पाऊल बाजूला टाकत वर जायचं. अगदी खेकड्यासारखं! तिसरा धडा थांबण्याचा. फळ्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची टोकं लांब फाकवायची. वरून पाहिलं तर पोळीच्या चतकोरासारखा आकार दिसतो, टोक पुढे. चतकोर जितका रुंद, तितका वेग कमी. जगभरातली लहान मुलं हीच युक्ती ‘पिझ्झ्याचा तुकडा’ म्हणून शिकतात. आपला चतकोर काय वाईट आहे?

पडता येतं, उठता येतं, थांबता येतं. आता घसरा! दहा पावलांचा उतार, पण छोटीला तो हिमालयाएवढा वाटेल.

पडण्याचं इतकं काय कौतुक, असं वाटतं ना? मग आरिफ खानची गोष्ट ऐका. तो टंगमर्गजवळच्या गावचा. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान होतं. चार वर्षांचा असताना आरिफ गुलमर्गच्या उतारावर शिकू लागला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच खेळाडू होता. संचलनात तिरंगा त्याच्याच हातात होता. जायंट स्लॅलम शर्यतीच्या दिवशी इतका बर्फ पडत होता की कितीतरी नामांकित स्पर्धकांना ती पूर्णच करता आली नाही. आरिफनं पूर्ण केली आणि ४५वा आला. तीन दिवसांनी स्लॅलम शर्यत झाली. तिची पहिली फेरी मात्र त्याला पूर्ण करता आली नाही. ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेल्या माणसाचीही फेरी अर्धी राहते, मग छोटी बाराव्यांदा बसकण मारते त्यात लाज कसली?

आता दोन शब्द आईबाबांसाठी. मुलांनो, हा भाग त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा!

छोटी तासाभरानं रडेल. बोटं गारठतील, बूट चावतील. तेव्हा ‘एवढे पैसे खर्च करून आलोय’ हे वाक्य कृपा करून गिळून टाका. आत न्या, गरम दूध किंवा केशर-बदाम घातलेला कहवा द्या. उद्या पुन्हा या. शिकवण्याचं काम जाणत्या प्रशिक्षकावर सोपवा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था गुलमर्गलाच आहे. प्रशिक्षक शिकवत असताना फोटोसाठी छोटीला मधेच हाक मारू नका. तिचं लक्ष पायांकडे असू द्या. आणि पाळण्यातून थेट अफरवट शिखराकडे नेऊन तिथून खाली सोडण्याचा विचारही नको. पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ ला सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. दुसरा टप्पा ३९०० मीटरच्याही वर जातो. तिथले उतार मुरलेल्या स्कीपटूंचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफरवटच्या बाजूला हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. डोंगर सुंदर असतो, पण तो कोणाचे लाड करत नाही.

आणखी एक गोष्ट. तुम्ही जाल तेव्हा बर्फ असेलच, असं आता कोणी सांगू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं मैदान तपकिरी, कोरडं पडलं होतं. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. पाहुण्यांची सहल बुडते, ते पुढच्या वर्षी येतात. पण लाकडी स्लेज ओढणारे काका, बूट भाड्यानं देणारे दुकानदार, स्की शिकवणारे दादा यांची वर्षाची कमाई याच दोन-तीन महिन्यांवर असते. शीन आला नाही तर त्यांची चूल अडते. म्हणून निघण्यापूर्वी बर्फाची आणि तिथल्या परिस्थितीची चौकशी करा. आणि तिथे पोहोचल्यावर स्लेजवाल्या काकांशी दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालू नका.

तर बालमित्रांनो, छोटीला घेऊन कधी गुलमर्गला गेलात, तर संध्याकाळी तिला ‘किती लांब घसरलीस?’ असं विचारू नका. ‘किती वेळा उठलीस?’ असं विचारा. मग बघा, ती बोटं मोजत बसेल आणि बोटं संपली की तुमची मागेल!