लेफ्टनंट सर्ज आणि घाईत मोठा झालेला रायचू

पोकेमॉन पाहणाऱ्या घरात टीम रॉकेटची नावं सगळ्यांना पाठ असतात. पण तुम्हाला लेफ्टनंट सर्ज आठवतोय का? ताठ उभे सोनेरी केस, लष्करी कपडे, पहाडासारखा देह आणि समोरच्याला 'बाळ' म्हणून हिणवायची सवय. जपानमध्ये १९९७ साली आलेल्या पहिल्या मालिकेच्या चौदाव्या भागात तो भेटतो.

तसा तो चोर नाही, वर्मिलियन शहरातल्या जिमचा प्रमुख आहे. ('पोकेमॉन अ‍ॅडव्हेंचर्स' या मांगात मात्र त्याला थेट टीम रॉकेटमध्येच बसवलंय!) तरी मला तो टीम रॉकेटपेक्षा जास्त खुपतो. ते तिघं निदान पिकाचूची किंमत ओळखून त्याला पळवायला येतात. सर्ज त्याला मोजतच नाही.

त्याचं म्हणणं सोपं आहे. विजेचा पोकेमॉन हाती आला की लगेच त्याचं रूप बदलून टाकायचं, म्हणजे ताकद वाढते. पहिल्या लढतीत त्याचा रायचू पिकाचूला लोळवतो. पिकाचू दवाखान्यात पडून असतो आणि नर्स जॉय अ‍ॅशला थंडर स्टोन देते. तो दगड वापरला की पिकाचूचाही रायचू होणार. अ‍ॅश निर्णय लादत नाही, पिकाचूलाच विचारतो. पिकाचू शेपटीने दगड उडवून लावतो.

मग ब्रॉकच्या लक्षात येतं, की रायचूचं रूप फार लवकर बदललं, त्यामुळे पिकाचू असताना शिकायची चपळाई तो शिकलाच नाही. दुसऱ्या लढतीत पिकाचू त्याला पळवून पळवून दमवतो आणि जिंकतो.

माझे बाबा फौजेत होते, आमचं बालपण अंबाला, जबलपूर असं छावण्यांमध्ये गेलं. हा भाग आम्ही हिंदीत पाहिला तेव्हा बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले होते, "हा कसला लेफ्टनंट? रंगरूटाला आधी महिनोन्महिने पळवतात, मग पुढचं." सर्जच्या आरडाओरड्यावरही ते हसले होते. त्यांच्या माहितीतले चांगले अफसर हळू आवाजात बोलायचे म्हणे.

आता हे सगळं आठवायचं कारण सांगते. माझी मुलगी तिसरीत आहे. गणितात हुशार, म्हणून शाळेने डबल प्रमोशन सुचवलंय, थेट पाचवीत. घरात दोन तट पडलेत. सासूबाईंना आनंद झालाय, नवऱ्याला वाटतं एक वर्ष वाचेल. मला तिची खो-खोची टीम दिसते, आणि अजून नीट न जमणारी बुटांची लेस.

गेल्या रविवारी तिला हा भाग दाखवला. मुद्दामच, हे तुमच्यापासून काय लपवायचं! बघून झाल्यावर ती म्हणाली, "आई, अ‍ॅशने पिकाचूला विचारलं. मला कुणीच नाही विचारलं."

मग त्या रात्री जेवताना आम्ही विचारलं. तिने दोन दिवस मागून घेतलेत. आज सकाळी तिचा एकच प्रश्न होता, चौथीच्या पुस्तकातल्या गोष्टी पाचवीत गेल्यावर वाचता येतील का? आजीने लगेच पुस्तक आणून द्यायचं कबूल केलंय. उत्तर अजून यायचंय.