वाय नदींतील एक रात्र

भूगोलाच्या तासास आम्हीं चेसापीक उपसागर मुलांस कधीं धड शिकविला नाहीं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास पडलेली एक लांब चीर, एवढीच त्याची आमच्या मनांत ओळख. ती चीर सुमारें २०० मैल लांब असून तिची सरासरी खोली अवघी एकवीस फूट आहे, हें आम्हांस कळलें तें चिरंजिवांच्या बोटींत बसल्यावर.

अॅनापोलिसहून सकाळीं निघालों. सेव्हर्न नदीच्या मुखाबाहेर येतांच उत्तरेस १९५२ सालीं खुला झालेला मोठा पूल दिसतो, आणि दक्षिणेस टॉमस पॉइंटचें दीपगृह. १८७५ सालचें हें षट्कोनी घर लोखंडी खांबांवर भर पाण्यांत उभें आहे. एखाद्यानें आपलें माडीचें घर उचलून समुद्रांत नेऊन ठेवावें तसें. तिसरे प्रहरीं वाय नदींत नांगर टाकला. दोन्ही तीरांवर झाडी काठापर्यंत आलेली, पाणी निश्चल. शेजारच्या बोटीवर खेकडे शिजत होते. तिकडे पाठ करून आमच्या सौ.नीं पिठलें टाकलें.

रात्रीं मात्र झोंप लागेना. दर दहा मिनिटांनीं पायांखालीं घर्र् असा आवाज होई आणि थांबे. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, तो शौचकूपाचा पंप आहे. कोठें तरी हवा गळते आहे. सकाळपर्यंत बॅटरी उतरेल."

या शौचकूपाची रचना आम्हांस नवी होती. पंप एका टाकींतील व नळींतील हवा सुमारें तृतीयांशानें विरळ करून ठेवतो. पायानें कळ दाबतांच भांड्याच्या तळाची झडप उघडते, बाहेरची हवा वेगानें आंत शिरते, आणि अर्ध्या लिटर पाण्यांत सर्व कांहीं ओढून नेते. मग पंप मिनिटभर चालून हवा पुन्हां विरळ करतो आणि गप्प बसतो. कळ न दाबतां तो कित्येक तास गप्प राहिला पाहिजे. मळ नदींत सोडतां येत नाहीं. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आंत कच्चा मैला सोडण्यास तेथील कायद्यानें मनाई आहे. तो बोटीच्या पोटांतील निराळ्या टाकींत सांठतो व बंदरावर यंत्रानें उपसून घेतला जातो.

सकाळीं दुरुस्तीच्या दुकानास फोन केला. दहा दिवसांनीं माणूस येईल, असें उत्तर आलें. चिरंजीव पुस्तक घेऊन बसले. त्यांत पहिली परीक्षा सोपी होती: भांड्यांत थोडें पाणी ओतावें व वाट पाहावी. पाणी टिकलें, तर वरचें रबर निर्दोष. हळूहळू आटलें, तर गळती तेथेंच. आमचें पाणी तासाभरांत नाहींसें झालें.

"मी करतों," आम्ही म्हणालों. चिरंजीव पाहतच राहिले.

वाईच्या आमच्या घरीं परसांत टोपलीचा संडास होता. पहांटे मागच्या दारानें एक बाई येई, टोपली उपसून डोक्यावर घेऊन जाई. तिला शिळी भाकरी वरून टाकावी, शिवूं नये, हें आम्हांस पाढ्यांआधीं शिकविलें गेलें. 'शौच' हा शब्द 'शुचि' यापासून सिद्ध होतो, हें पुढें वर्गांत आम्हींच फळ्यावर लिहीत असूं. कणकवलीच्या आप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम स्वहस्तें केलें, याबद्दल आदरानें बोलत असूं. हात मात्र कोरडे राहिले.

पंपाची वीज बंद केली, कळ दाबून आंतील ओढ संपविली, हातमोजे चढविले. रबराच्या कडेखालीं कागदाचे तंतू व चुनखडीसारखा थर बसला होता. जुन्या दांतांच्या ब्रशानें तो खरवडून काढण्यास पाऊण तास लागला. ओकारी दोनदां आली, हें लपवीत नाहीं. पुन्हां पाणी ओतलें, तें टिकलें. परंतु पंप अर्ध्या तासानें पुन्हां घुरघुरलाच.

म्हणजे दोष दुसराही होता. पंपाच्या दोन्ही बाजूंस बदकाच्या चोचीसारख्या रबरी झडपा असतात. मळ पुढें जावा, मागें येऊं नये, यासाठीं. एकीच्या चोचींत ओल्या पुसणीची चिंधी अडकून ती उघडी राहिली होती. या पुसण्या पाण्यांत विरत नाहींत. सूनबाई न सांगतांच ओशाळल्या. पेटींतील नवी झडप चिरंजिवांनीं बसविली. रबर जुनें होऊन ताठरलें होतें. तीं वेळींच बदलावीं, असें पुस्तकांत स्पष्ट आहे आणि तें आमच्या चिरंजिवांनीं वाचलें नव्हतें.

सौ. गरम पाणी घेऊन आल्या. हात धुतांना नातवानें विचारलें, "आजोबा, ती बाई कोण होती? तिचं नांव काय?"

आम्हीं सौ.कडे पाहिलें. त्या घरांत त्या आल्या तेव्हां ती बाई येईनाशी झाली होती. २०१३ सालीं या प्रथेविरुद्ध दुसरा, अधिक कडक कायदा झाला, तेव्हां आम्हीं वर्तमानपत्रांतील ती बातमी कापून ठेवली होती. परंतु नांव आमच्या घरांत कोणींच विचारलें नव्हतें. तिला हांक मारण्याचा प्रसंग आला, तर जातीनेंच मारीत.

"ठाऊक नाहीं रे," आम्ही म्हणालों.

दुपारीं सेंट मायकेल्सला लागलों व टाकी उपसून घेतली. वाटेंत तीन तास पंप एकदांही वाजला नाहीं.