डूडल : एका वेतातली आठ पिल्ले

पूडल आणि दुसऱ्या एखाद्या जातीचा कुत्रा यांच्या संकरातून निघालेल्या कुत्र्यांना सरसकट डूडल म्हणतात. लॅब्राडोरपासून लॅब्राडूडल, गोल्डन रिट्रीव्हरपासून गोल्डनडूडल, बर्नीज माउंटन डॉगपासून बर्नडूडल. कॉकर स्पॅनियलच्या संकराला मात्र कॉकापू हे नाव पडले, आणि अमेरिकेत तो या सगळ्यांच्या आधीपासून पाळला जातो. लॅब्राडूडल हा शब्दही वाटतो तितका नवा नाही. मोटार आणि बोट यांच्या वेगाचे विक्रम करणारा डोनाल्ड कॅम्पबेल याने १९५५ सालच्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या कुत्र्यासाठी तो वापरला होता.

या कुत्र्याचा गाजावाजा सुरू झाला तो मेलबर्नमधून. तिथल्या रॉयल गाईड डॉग्ज संस्थेत वॉली कॉनरन पैदाशीचे काम पाहत असे. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाट दाखवणारा कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास होई. कॉनरनने आधी शुद्ध पूडलच शोधले. तेहतीस पूडल तपासून झाले. या कामाला त्यातला एकही उतरला नाही. अखेर १९८९ च्या सुमारास त्याने लॅब्राडोर कुत्री आणि आपल्या वरिष्ठांचा स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली गेली. त्यातल्या एकाचाच त्या गृहस्थांना त्रास झाला नाही, आणि तो ‘सुलतान’ पुढे त्या घरी गेला. उरलेली दोन पिल्ले प्रतीक्षायादीतले कोणी घेईना, कारण ती ‘क्रॉस’ होती. तेव्हा कॉनरनने लॅब्राडूडल हे नाव पुढे केले, आणि त्याच पिल्लांसाठी फोन खणखणू लागले. म्हातारपणी मात्र त्याने या संकराबद्दल पश्चात्ताप उघडपणे बोलून दाखवला. नाव विकले जाते म्हटल्यावर लोक कोणताही पूडल कशावरही सोडू लागले, ही त्याची खंत.

तीनपैकी एक, हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एका वेतातली पिल्ले सारखी निघत नाहीत, आणि डूडलच्या केसांचे गणितही तसेच आहे. कुत्र्यांच्या अंगावरच्या केसांत जे वैविध्य दिसते, त्याचा मोठा भाग तीन जनुकांनी ठरतो, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. आरएसपीओ२ मुळे दाढी-मिशा आणि झुपकेदार भुवया येतात, एफजीएफ५ मुळे केसांची लांबी ठरते, केआरटी७१ मुळे कुरळेपणा. दाढी-मिशांचे रूप प्रभावी असते, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून मिळाले तरी ते दिसते. लांब केसांचे तसे नाही. ते दोन्हीकडून यावे लागतात. पूडलकडे दाढी आणि लांब केस दोन्ही असतात, गोल्डनकडे केस लांब पण तोंड गुळगुळीत, लॅब्राडोरकडे दोन्ही नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या मेलबर्नच्या घरी आलेले पिल्लू लॅब्राडूडल आई आणि गोल्डनडूडल बाप यांचे. आईबाप दोघेही पहिल्या पिढीचे, म्हणजे दोघांकडे दाढीच्या जनुकाची एकच प्रत. अशा जोडीची सरासरी चारातले एक पिल्लू गुळगुळीत तोंडाचे निघते, आणि केसांच्या लांबीत वेत अर्धे-अर्धे वाटले जाते. मेलबर्नबाहेरच्या एका शेतघरात जाळीच्या कुंपणामागे आठ पिल्ले होती. दोघांना दाढी नव्हती. ती थेट लॅब्राडोरची वाटत. तिघांचे केस मेंढीसारखे घट्ट, दोघांचे लाटांसारखे, आणि एकाचे तारेसारखे राठ, कुठल्याच चौकटीत न बसणारे. ज्वारीचे संकरित बी दरवर्षी नवे का घ्यावे लागते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. घरचे बी पेरले की पुढच्या हंगामात ताटे उंच-ठेंगणी निघतात. डूडलवर डूडल सोडला की तेच होते, फक्त ताटांऐवजी पिल्ले असतात आणि प्रत्येकाला घर शोधावे लागते. म्हणून बरेच पैदासकार पहिल्या पिढीची कुत्री पुन्हा शुद्ध पूडलकडे देतात. मग दाढी सगळ्यांना येते, पण कुत्रा तीन चतुर्थांश पूडल होतो. ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल म्हणून जो स्वतंत्र वंश जोपासला गेला, त्याची जनुके २०२० साली तपासली तेव्हा तीही बहुतांशी पूडलचीच निघाली.

कुरळे केस म्हणजे ॲलर्जी नाही, हा समज मात्र टिकत नाही. त्रास केसांचा नसतोच. लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असलेल्या कॅन एफ १ यासारख्या प्रथिनांचा तो त्रास असतो, आणि ती प्रत्येक कुत्र्यात कमी-अधिक असतात. डेट्रॉईटमधल्या संशोधकांनी २०११ साली घराघरांतली धूळ तपासली. ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ जातींच्या घरांत हे प्रथिन कमी आढळले नाही. केस कमी गळाले तर सोफा स्वच्छ राहतो, इतकेच खात्रीने म्हणता येते. लेखिकेच्या मुलाला शिंका येत असल्याने त्या घराने कॉनरनचीच युक्ती वापरली. मुलाचा जुना टी-शर्ट पिल्लाच्या अंगावर घासून घरी आणला आणि दोन रात्री त्याच्या उशाशी ठेवला. शिंका आल्या, पण थोड्या. आजही कुत्रीला झोपायच्या खोलीत मज्जाव आहे, आणि त्यावरच निभावते.

संकर झाला की रोग आपोआप टळतात, हेही अर्धेच खरे. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२४ च्या पाहणीत कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू या तीन पूडल-संकरांची तुलना त्यांच्या मूळ जातींशी केली गेली. नऊ हजारांहून अधिक कुत्री त्यात होती, आणि बहुतेक आजारांच्या बाबतीत फरक आढळला नाही. दोष दोन्ही बाजूंना एकच असेल तर संकर काय करणार? पीआरसीडी-पीआरए या विकारात डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतो. तो पूडल, लॅब्राडोर आणि गोल्डन या तिन्हींत आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर चारातले एक पिल्लू आंधळे होण्याच्या वाटेवर असते. खुब्याच्या सांध्याचा दोषही तिन्हींकडे आहे. म्हणून पिल्लू पाहण्याआधी कागद पाहायचे: खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, जनुकचाचण्या. वरील वेतातली आई या डोळ्यांच्या विकाराची वाहक होती आणि बाप स्वच्छ. ते दोन कागद शेतघरातल्या पैदासकार बाईंनी चहाच्या कपाशेजारी न मागता ठेवले. व्हिक्टोरिया राज्यात विक्रीच्या जाहिरातीत पैदासकाराचा नोंदणी क्रमांक आणि पिल्लाचा मायक्रोचिप क्रमांक द्यावा लागतो, पण हे आकडे खुब्याबद्दल काही सांगत नाहीत.

घरात वागायला कुत्रा कसा, हे स्वभावावर ठरते, आणि पैदाशीत सर्वांत कमी विचार त्याचाच होतो. पूडल हा शोभेचा कुत्रा नव्हे. जर्मनीत पाण्यात पडलेली पाखरे आणणारा तो शिकारी कुत्रा, आणि त्याच्या नावातही पाण्यात डुंबण्याचा अर्थ आहे. तो तल्लख असतो, आणि त्याच कारणाने दचकणाराही असतो. लॅब्राडोरचा उतावळा मनमिळाऊपणा आणि पूडलची जागरूकता एकत्र आली की कधी चतुर, शांत कुत्रा मिळतो, तर कधी दिवसभर पडद्यामागच्या सावलीवर भुंकणारा. आईबापांना भेटल्यावर अंदाज येतो. अनोळखी माणूस आत आल्यावर आई उठून येते, की कोपऱ्यात जाते? पिल्लांच्या आयुष्यातले तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस जगाशी ओळख होण्याचे. पिल्लू आठव्या आठवड्यात नव्या घरी येते, म्हणजे त्यातला निम्मा काळ पैदासकाराच्या हातात गेलेला असतो. त्या शेतघरात पिल्ले स्वयंपाकघरातच वाढत होती, वॉशिंग मशिनच्या घरघरीत आणि नातवंडांच्या पायांत. स्टीलचे भांडे फरशीवर टाकल्यावर आठही पळाली. लाटदार केसांची एक तपकिरी पिल्ली सर्वांत आधी परत आली आणि भांडे चाटू लागली. तिचीच निवड झाली.

केसांची निगा हा डूडलचा उरलेला हिशेब. आठ ते बारा महिन्यांच्या सुमारास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात. गळालेले केस खाली न पडता कुरळ्यांत अडकतात आणि कातडीलगत जटा धरतात. वरवर ब्रश फिरवला तर वरचा थर चकचकीत दिसतो आणि खाली नमदा तयार होतो. लेखिकेकडूनही पहिल्या उन्हाळ्यात हेच झाले. समुद्रात पोहून आलेली कुत्री न विंचरता वाळू दिली. कानांमागे, काखेत आणि पट्ट्याखाली जटा इतक्या घट्ट बसल्या की कंगव्याचे टोकही शिरेना. शेवटी दोन-तीन मिलिमीटर ठेवून सगळ्या अंगावरचे केस काढावे लागले. गुलाबी कातडीची, दोऱ्यासारख्या शेपटीची कुत्री घरी आली तेव्हा सांगलीहून आलेल्या सासूबाई पाहतच राहिल्या. “अगं, म्हैस भादरल्यावाणी केलीस की गं हिला,” म्हणाल्या, आणि रात्री तिच्यावर आपली जुनी चादर टाकली.

आता आठवड्यातून तीनदा लोखंडी दातांचा कंगवा भांग पाडून कातडीपर्यंत जातो, दर सहा ते आठ आठवड्यांनी कातरणी होते, आणि भिजली की आधी टॉवेल, मग विंचरणे, मग उन्हात सोडणे. लोंबत्या, केसाळ कानांत हवा खेळत नाही, म्हणून पोहल्यावर कान कोरडे करावे लागतात. गुळगुळीत तोंडाचा तिचा एक भाऊ शेजारच्या शेतकऱ्याने निम्म्या किमतीत नेला. त्याला यातले काही लागत नाही. त्याचे केस मात्र त्या शेतकऱ्याच्या गाडीच्या सीटवर बारा महिने सापडतात.