कोणत्या रकान्यात?

शिक्षकाला नोंदवहीशिवाय चैन पडत नाही. 2025 चा पहिला रोजा 2 मार्चला, रविवारी होता. त्याच दिवशी मी लेकीसाठी एक वही केली. लग्नानंतर 14 वर्षांनी झालेली ही मुलगी तेव्हा 23 महिन्यांची होती. पळायची, बाटलीचं झाकण उघडायची, माझा चष्मा पळवायची. बोलायची मात्र नाही. वहीत दोन रकाने आखले, डावीकडे मराठी, उजवीकडे उर्दू. दर रविवारी आठवड्याचा हिशेब लिहायचा.

पहिल्याच दिवशी अडलो. तिचा सर्वांत जुना शब्द ‘पा’. आता हे पाणी की पानी? मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, बी.एड. झालोय, आणि एका अक्षराचा शब्द कोणत्या रकान्यात टाकायचा ते मला कळेना. शेवटी मधल्या रेषेवरच लिहिला. सगळे मिळून नऊ शब्द भरले.

घरात सगळ्यांकडे कारण तयार होतं. अम्मी म्हणाली, “दो-दो जबान सुनके बच्ची गडबडा गई रे.” मुलांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा. ऐकून मी गप्प झालो. कोणती काढू? उर्दू काढली तर दादी नातीशी बोलणार कशात? मराठी काढली तर गल्ली बंद. आमच्या सांगलीच्या गल्लीत ती रोज संध्याकाळी दोन घरं तरी फिरून येते. आणि माझ्या वर्गातली मुलं? घरी दखनी, पुस्तकात उर्दू, बाजारात मराठी, आणि भांडताना तिन्ही. त्यातलं कुणी मुकं राहिलेलं मी पाहिलेलं नाही.

बायको वाद घालत बसली नाही. म्हणाली, “पहले उसके कान दिखाव.”

दुसऱ्या आठवड्यात मिरजेला गेलो. कानाची तपासणी मूल झोपलेलं असताना चांगली होते, म्हणून दुपारची वेळ घेतली होती. साहजिकच ती झोपेना. रोज्याच्या घशानं मी तासभर तिला खांद्यावर घेऊन त्या व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. झोपली तशी कानात मऊ टोकाची नळी घातली आणि काही मिनिटांत काम झालं. ऐकू व्यवस्थित येत होतं. अल्हमदुलिल्लाह म्हणताना माझा आवाज फुटला, हे इथे लिहून टाकतो.

तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी वही पाहिली आणि हसल्या. “सर, रकाने कशाला? दोन्ही मिळून मोजा. पाणी म्हटलं काय, पानी म्हटलं काय, शब्द आलाच.” दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, त्यांची सरमिसळही होतेच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, मोबाइल किती वेळ? मी बायकोकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. पेपर तपासताना तिच्या हातात मोबाइल देणारा मीच होतो.

तेव्हापासून असरच्या नमाजनंतर इफ्तारपर्यंतचा वेळ तिचा. पेपर सहरीनंतर. कृष्णेच्या घाटावर ती माझं बोट धरून पायऱ्या उतरायला शिकली. प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवायचे, मगच पुढची. आयर्विन पुलावरून एसटी गेली की हात हलवायची. तिसऱ्या आठवड्यात हरिपूरला गेलो, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथे बैल दिसला. “बै!” मी म्हणालो, “हो, बैल. मोठा बैल.” बायको म्हणाली, “हौ, बडा बैल.” बाईंनी एवढंच सांगितलं होतं, ती जे बघते त्याच्याबद्दल बोला. त्या रविवारी तेरा शब्द झाले. चौथ्या रविवारी चौदाच. एका आठवड्यात एक! रात्री झोप लागली नाही.

30 मार्चला गुढीपाडवा होता आणि आमचा 29 वा रोजा. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. सूर्य मावळायच्या आधी शेजारच्या काकूंनी गुढी उतरवली आणि साखरेची गाठी घेऊन आल्या. “सर, ही माझ्या नातीला.” बायकोनं दुधासाठी खारका भिजवल्या होत्या, त्यातल्या चार काकूंच्या हातावर ठेवल्या. गाठीतली एक पाकळी चघळतच लेक आमच्याबरोबर गच्चीवर आली.

इफ्तार, मगरीब उरकून सगळी गल्ली पश्चिमेकडे बघत होती. कुणीतरी ओरडलं, दिसला! अम्मीनं दुआसाठी हात उचलले. मी लेकीला उचलून कडेवर घेतलं, चंद्राकडे बोट केलं, “वो देख, चांद.” तिनं चंद्राकडे ढुंकून पाहिलं नाही. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, “औल गाती.”

और गाठी. पहिल्यांदा दोन शब्द जोडलेले, एक इकडचा, एक तिकडचा.

दुआ अर्धीच ठेवून अम्मी म्हणाली, “क्या बोली? फिरसे बोल!” ती बोलली नाही. बायको खाली धावली, गाठी घेऊन आली. मी वही शोधत होतो आणि ती सापडेना. शेवटी शिरखुर्म्याच्या सामानाच्या यादीमागे लिहून ठेवलं, तारखेसकट.