तीर्थरूपांचे सोबती

आईबाप निवर्तले म्हणजे घरात जी पोकळी राहते, ती भरून काढण्यासाठी आपण बहुधा घरातच चाचपडत असतो. त्यांची खुर्ची, त्यांची जपमाळ, भिंतीवरची तसबीर ह्यांच्याभोवती आपले दुःख घोटाळत राहते. परंतु मनुष्याचे सारे आयुष्य काही घराच्या चार भिंतींत मावत नाही. त्याचा काही भाग बांधावर, काही बाजारात, तर काही वाटेवर गेलेला असतो आणि त्या भागाचे साक्षीदार घराबाहेरचे असतात. शोक करणाऱ्याने त्यांनाही जाऊन भेटावे, हे आम्हांस अनुभवाने कळले. म्हणून हे चार शब्द.

आमचे तीर्थरूप खानापूर तालुक्यातील शेतकरी. २०२३ सालच्या पावसाळ्यात ते देवाघरी गेले. त्यांच्या शवपेटीवर पवित्र पाणी आम्हीच शिंपडले, मिस्साबलिदानही आम्हीच अर्पिले. परंतु इतरांच्या घरी शेकडो वेळा उच्चारलेले सांत्वनाचे शब्द स्वतःच्या आईसमोर ओठांवर येईनात. तीही रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती नेहमीप्रमाणे म्हशींच्या धारा काढावयास गोठ्यात गेली.

पुढे त्यांच्या प्रार्थनापुस्तकात एक पातळ वही सापडली. संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी दरवर्षी पायी जुन्या गोव्यास जाणाऱ्या मंडळींची नावे व कोणी किती तांदूळ दिले, ह्याचा हिशेब तीत होता. नावे चाळीस, त्यांपैकी घरातल्यांच्या ओळखीची जेमतेम चार. ही एवढी माणसे आमच्या बापाला ओळखतात आणि आम्ही त्यांना ओळखत नाही, हा विचार मनातून जाईना. नोव्हेंबर हा तर मृतांच्या स्मरणाचा महिना. आम्ही वरिष्ठांकडे चार दिवसांची रजा मागितली.

ह्या पदयात्रेची पद्धत आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहेच. २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होतो, ३ डिसेंबरला सण असतो आणि त्या सुमारास बेळगाव, कारवार, सावंतवाडी अशा चहूबाजूंनी यात्रेकरूंचे जथे गोव्याची वाट धरतात. आमच्या गावची मंडळी लोंढा, रामनगर, अनमोड घाट, मोले, फोंडा अशा मार्गाने सुमारे १०० किलोमीटरांची वाट चालतात. अंथरुणे व भांडीकुंडी टेम्पोत असतात. देह मात्र ज्याचा त्याने वाहावयाचा.

निघतानाच एक वृद्ध सुतार म्हणाले, “फादर, तुमच्या बाबांची जागा मागे असे. तुम्हीही मागेच चाला.” हातात लाल दिव्याची विजेरी व खोबरेल तेलाची बाटली देऊन त्यांनी आम्हांस रांगेच्या शेवटी उभे केले. मालट्रकवाल्यांना रात्री माणसे दिसावीत म्हणून दिवा, आणि भेगाळलेल्या टाचांसाठी तेल. बाबांचे काम एवढेच. पण सर्वांत मागे चालणाऱ्याला सर्वांत दमलेल्या माणसाच्या पावलाने चालावे लागते, हे आम्हांस अनमोडच्या उतारावर उमगले. मागे राहिलेली माणसे बोलूही लागतात. कोणाचा मुलगा दारूच्या नादी लागलेला, कोणाच्या लेकीचे लग्न मोडलेले. घरी दिवसाकाठी दहा वाक्ये बोलणारे बाबा वर्षानुवर्षे हे सारे ऐकत आले होते. बोलावयास लागणारा वेळ त्यांनी ऐकण्यात खर्चिला होता म्हणायचा! प्रत्येक मुक्कामी मंडळींनी त्यांच्यासाठी जपमाळेचा एक दशक म्हटला. तेथे प्रार्थना चालविणारे ते होते आणि आम्ही केवळ पुत्र होतो.

पुढील वर्षी, २०२४ साली, २१ नोव्हेंबरपासून संतांच्या अवशेषांचे दशवार्षिक दर्शन होते. आमचे तीर्थरूप दरवर्षी जात, पण आई कधी गेली नव्हती. म्हशींकडे कोणीतरी राहावयास हवे होते. ह्या खेपेस शेजाऱ्यांनी गोठा सांभाळला व आई मोटारीने जुन्या गोव्यास आली. से कॅथेड्रलच्या आवारात बाबांचे सोबती तिच्याभोवती बसले. तिने फक्त एक विचारले, “वाटेत ते वेळेवर जेवत का हो?” तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “जेवत. पण तिन्हीसांजा झाल्या की दरवर्षी एकच वाक्य बोलत, ‘आता आमची मंडळी धारा काढीत असेल.’” आईने पदर डोळ्यांना लावला आणि दीड वर्षाचे अडलेले रडणे तेथे मोकळे झाले. आम्हांस जे साधले नव्हते, ते त्या म्हातारीच्या एका वाक्याने साधले. परतल्यावर आईने त्या वहीत स्वतःचे नाव व दोन किलो तांदूळ लिहावयास लावले.

ज्या संताच्या दर्शनास ही मंडळी जातात, तोही सोबत्यांवर असेच प्रेम करणारा होता. वडील बालपणीच गेले. आई १५२९ मध्ये वारली, तेव्हा तो दूर पॅरिसला शिकत होता. १५४२ मध्ये तो गोव्यास पोहोचला व युरोपातील बांधवांना पुन्हा कधीच भेटला नाही. त्यांच्या पत्रांतील त्यांनी स्वहस्ते लिहिलेली नावे कापून तो ती सदैव जवळ बाळगी. १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्यालगत सांच्यान बेटावर त्याने प्राण सोडला. अम्माऊसच्या वाटेवरील दोघे शिष्यही शोकाकुल होते. ते मृताविषयी बोलत चालले होते, म्हणूनच प्रभू त्यांच्या जोडीने चालू लागला.

तेव्हा प्रिय वाचकहो, मृतांसाठी मिस्सा सांगा, कबरीवर मेणबत्ती लावा, हे तर आपले कर्तव्यच होय. परंतु तेवढ्यावर थांबू नका. आपला बाप कोणाबरोबर चालला, कोणाबरोबर गायला, कोणाच्या नांगराला त्याने आपला बैल जोडून दिला, ह्याचा शोध घ्या. त्या लोकांच्या ओसरीवर जाऊन बसा व विचारा, ते सांगतील. आणि त्याने करावयाचे जे लहानसे काम त्याच्यामागे रिकामे पडले असेल, ते उचला. त्या कामात असताना दुःख नाहीसे होत नाही. पण ते वाहण्यास चार हात अधिक मिळतात.